हिरवी राहिलेली बाजू

१४ सप्टेंबर

हो म्हणून टाकलं!

दीड वर्षं नाही म्हणत होतो. आज सकाळी दाढी करत होतो, चिमी न्हाणीघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि माझ्या तोंडून निघून गेलं – "कर बाई. तुला तोच हवा असेल तर कर." गालाला साबण तसाच. वाटलं होतं, पोरगी नाचेल. ती म्हणाली, "खरंच, बाबा?" मी मान हलवली आणि वस्तरा लागला. रक्त बघून स्वयंपाकघरातून ही धावत आली. तिला वाटलं, आमचं पुन्हा जुंपलं.

भांडायला कंटाळलो होतो, हे खरं. एका घरात राहून लेक माझ्याशी आईमार्फत बोलायची. "बाबांना सांग, जेवायला वाढलंय." मी तिथेच बसलेलो असायचो! आणि त्या मुलात वाईट म्हणावं असं मला तरी काय सापडलं होतं? उंच आहे. तीन नोकऱ्या सोडल्यात. आता लिफ्ट दुरुस्त करतो. चिमीच्या ऑफिसातली लिफ्ट त्याच्याकडेच होती. फार वेळा बिघडायची म्हणे.

लग्न एकवीस डिसेंबरला. मी म्हटलं, हॉल नको, आपल्याच अंगणात करू. ही म्हणाली, "त्या अंगणात? त्या वाळक्या कुंड्यांमध्ये?"

बघतोच.

१५ सप्टेंबर

अंगण आज नीट बघितलं. बऱ्याच वर्षांनी. सकाळी उठून दुकानात जायचं, आठ-साडेआठला परत यायचं, जेवायचं, आडवं व्हायचं – लोकांच्या डोळ्यांना चष्मे लावता लावता आपल्या दारात काय आहे हे बघायचं राहूनच गेलं.

फाटकाशी बुचाचं झाड आहे, चांगलं उंच. कडेला एक देवकांचन. मागच्या बाजूला चिमीच्या खिडकीसमोर पॉइन्सेटियाचं जुनं झुडूप. झुडूप कसलं, छपराला टेकलंय. दर हिवाळ्यात लाल होतं ते. लाल होतात ती पानं, फूल म्हणजे मधला पिवळा ठिपका. हे मला माहीत नव्हतं, हिने सांगितलं. वीस वर्षं मी पानांनाच फुलं समजत होतो.

बाकी सगळा उन्हाळी आणि पावसाळी माल. डिसेंबरात काय फुलतं? डोकं खाजवलं, पण आठवेना. हिवाळ्यात फुलं बघायला आपण कधी थांबलोय!

पण ठरवलंय. हो म्हटलंच आहे तर तोंड आंबट करून नाही. त्या दिवशी अंगण असं फुललेलं पाहिजे की बापाने मनापासून हो म्हटलंय हे चिमीला न सांगता कळावं. तोंडाने मला सांगता येत नाही तसलं काही.

१७ सप्टेंबर

नर्सरीत गेलो. मालक बोलघेवडा. डिसेंबरात काय फुलेल विचारलं तर म्हणाला, "साहेब, खत टाका, सगळं फुलेल." गुलाबाबद्दल विचारलं – खत. पानं पिवळी पडतात म्हटलं – खत. मुंग्यांनाही बहुधा खतच घालत असेल. आजपासून त्याचं नाव खतमास्तर.

तरी त्याच्याकडून एवढं काढून घेतलं: कॅलिअँड्रा, म्हणजे पावडरच्या पफासारखी लाल फुलं येणारं झुडूप, थंडीतच फुलतं. डोंबिया नावाचं एक, त्याला गुलाबी गुच्छ लटकतात, तेही थंडीतच. कोरांटी. आणि पुढच्या कुंपणाला ओळीने पॉइन्सेटियाच्या कुंड्या. सगळं घेऊन आलो. टेम्पोतून उतरवताना ही दारात कमरेवर हात ठेवून उभी. नुसत्या कुंड्या मोजत होती. हे जास्त वाईट!

एक प्रश्न मात्र डोक्यात घुसलाय. बाकी झाडं थंडीत गप्प बसतात. मग ही का फुलतात? आणि डिसेंबर आलाय हे यांना सांगतं कोण?

२३ सप्टेंबर

लंबू आला होता. (वहीत लंबूच. समोर नीट नावाने हाक मारतो.) खड्डे खणायला येतो म्हणाला. मी म्हटलं या, आणि मनात म्हटलं, दोन खड्ड्यांत कंबर धरेल. नाही धरली. उलट प्रत्येक खड्ड्याची खोली काठीने मोजत होता. विचारलं, इतकं कशाला? तर म्हणे, "काका, खाली पाणी साचतंय का ते बघतोय. लिफ्टच्या खड्ड्यात पण हेच बघावं लागतं." मग लिफ्टच्या खाली खड्डा असतो हे मला कळलं, तो कशासाठी असतो हे कळलं, दोर तुटला तर काय होतं हेही कळलं. दोर तुटला तरी लिफ्ट पडत नाही! इतकी वर्षं उगीच जीव मुठीत धरून वर गेलो.

संध्याकाळ कधी झाली समजलं नाही. चिमीने चहा आणून दिला. दोघांचे हात मातीचे, म्हणून तिने कप पायरीवर ठेवले आणि आत गेली.

२ ऑक्टोबर

घोळ घातला. भला मोठा!

कॅलिअँड्राच्या फांद्या वेड्यावाकड्या वाढल्या होत्या. लग्नाचं अंगण नीटनेटकं हवं म्हणून कातर घेतली आणि सगळी एका उंचीत कापली. कापून मागे सरून बघितलं, फार छान दिसत होती. ही बाहेर आली, खाली पडलेली एक काडी उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, "अहो, या कळ्या आहेत."

होत्या. प्रत्येक काडीच्या टोकाला, मोहरीएवढ्या. पावसाळा संपायच्या आतच झाड डिसेंबरच्या तयारीला लागलेलं, आणि मी तयारीच छाटून टाकली. चष्म्याच्या दुकानदाराला कळ्या दिसल्या नाहीत ही गोष्ट आता ही आयुष्यभर पुरवून पुरवून सांगणार. आज संध्याकाळीच बहिणीला फोनवर सांगून झाली.

देवकांचनला हात लावला नाही. कातर लपवून ठेवली आहे. मी नाही, हिने.

३ ऑक्टोबर

आतल्या फांद्यांवर थोड्या कळ्या शिल्लक आहेत. वाकून, गुडघ्यावर बसून बघितल्या. माफी मागितली झाडाची.

११ ऑक्टोबर

माझा प्रश्न आता मी ज्याला त्याला विचारतो. डोळे तपासायला बसवलं की समोरचा हलू शकत नाही, ही सोय आहे.

एक शिक्षिका म्हणाल्या, थंडीमुळे. पण अजून कुठे थंडी? पंखा लावून झोपतोय आणि कळ्या तर आल्यासुद्धा! शेजारचे स्टेशनमास्तर (निवृत्त, पण अजून घड्याळाकडे बघितल्याशिवाय बोलत नाहीत) म्हणाले, पाणी कमी झालं की झाड घाबरतं आणि फुलतं. मग मी रोज पाणी घालतो त्या कुंड्या कशा फुलणार? खतमास्तरला विचारलंच नाही.

लंबू म्हणाला, "काका, काहीतरी मोजत असणार ते. लिफ्टला मजला कसा कळतो? मोजून." हे मला पटलं. पण मोजणार काय?

तो आता जवळजवळ रोजच येतो. हाताला काम नसलं तरी बसतो. खरं सांगायचं तर संध्याकाळी फाटक वाजलं की मी कान टवकारतो. दीड वर्षं ज्याचं तोंड बघायचं नाही म्हणत होतो तो! हिने हसून घेतलं. हसू दे.

१६ ऑक्टोबर

सापडलं!!

वाचनालयात बागकामाचं एक जाड पुस्तक मिळालं, धुळीने भरलेलं. रात्र! ही झाडं रात्र मोजतात. पावसाळ्यानंतर रात्री थोड्या थोड्या लांबत जातात. आपल्याला पत्ताही लागत नाही, पण पानांना लागतो. रात्र पुरेशी लांब झाली की पॉइन्सेटिया कामाला लागतो. आणि मधेच उजेड पडला तर? अगदी थोडा जरी पडला तरी रात्र मोडली, हिशेब चुकला, झाड हिरवंच राहतं. एक रात्र नाही, रोज पडला पाहिजे.

म्हणजे अंधार कमी-जास्त आहे हे झाडाला कळतं. मी आयुष्यभर लोकांना उजेड नीट दिसावा म्हणून धडपडलो, अंधाराचाही कोणाला उपयोग असतो हे डोक्यातच आलं नाही. जेवताना हिला आणि चिमीला सगळं सांगितलं. ही म्हणाली, भाजी गार होतेय.

मग जेवता जेवताच उठलो. पुढच्या कुंपणावर रस्त्याचा दिवा आहे! थेट कुंड्यांवर पडतो.

१७ ऑक्टोबर

प्रयोग. एक कुंडी घेतली. फ्रेमा येतात ते मोठं खोकं तिच्यावर रोज तिन्हीसांजेला उपडं घालायचं, सकाळी काढायचं. बाकीच्या कुंड्या तशाच. बघू पुस्तक खरं की खतमास्तर.

ही म्हणाली, "पोरीला कधी अंगाई म्हटली नाहीत. आता कुंडीला झोपवताय."

२८ ऑक्टोबर

वायरमनला गाठलं. त्याच्या चष्म्याची काडी मागे मी बसवून दिली होती, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. त्याने दिव्याच्या आमच्या बाजूला पत्र्याचं टोपण लावलं. रस्त्यावर उजेड, अंगणात काळोख. तो वर चढलेला असताना लंबू खालून सूचना देत होता – थोडं डावीकडे, थोडं खाली. वायरमन वैतागून म्हणाला, "हे कोण?" मी म्हटलं, "आमचे जावई." पहिल्यांदाच म्हटलं. लंबू एकदम टोपणाकडेच बघायला लागला.

चिमी घरात होती. तिला नंतर सांगितलं तर म्हणाली, "हो, ऐकलं मी."

५ नोव्हेंबर

सकाळी गारवा. खोकं काढलं. हिरवंच.

१२ नोव्हेंबर

हिरवंच. स्टेशनमास्तर रोज कुंपणावरून विचारतात, "गाडी किती लेट?"

१५ नोव्हेंबर

खोक्यातल्या कुंडीच्या शेंड्याला तांबूस झाक! आधी वाटलं, माझाच नंबर वाढला. भिंग आणून बघितलं. देठापासून रंग चढतोय, शिरांवरून कडेकडे. शेजारच्या कुंड्या अजून ठार हिरव्या. लंबूला फोन केला, तो कुठल्यातरी इमारतीच्या आठव्या मजल्यावर लिफ्टच्या टपावर बसलेला होता. तिथून म्हणाला, "काका, हात लावू नका, मी येतोय." आला आणि आम्ही दोघं कुंडीपुढे उकिडवे बसलो, किती वेळ कोण जाणे. ही चिमीला म्हणाली, "बघ गं, दोघं कसे बसलेत." चिमी आली, बघितलं, हसली. छान झालंय म्हणाली.

इतका आनंद मला दुकान उघडलं त्या दिवशी पण झाला नव्हता.

२० नोव्हेंबर

बूच फुललं. पांढऱ्या लांब देठांची फुलं सकाळी फाटकाशी पडलेली, वास पार आतल्या खोलीपर्यंत. देवकांचन जांभळा झालाय. डोंबियाला गुच्छ लोंबायला लागलेत, गुलाबी, खाली तोंड करून. कॅलिअँड्रासुद्धा! आतून, माझ्या कातरीतून वाचलेल्या फांद्यांवरून, लाल गोंडे. दुकानातली माणसं मुद्दाम वाट वाकडी करून बघायला येतात.

चिमी आज संध्याकाळी थोडा वेळ माझ्याजवळ पायरीवर बसली. लंबूला काम होतं, आला नव्हता. मी रात्रीचं, मोजण्याचं सगळं पुन्हा सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आणि एखाद्या वर्षी झाडाला नाहीच फुलावंसं वाटलं तर?" मी म्हटलं, तसं नसतं बाळा, एकदा कळी धरली की फुलावंच लागतं. ती हं म्हणाली. बारीक झालीये. लग्नाआधी मुली बारीक होतात, ही म्हणाली.

२४ नोव्हेंबर

नवं कोडं.

मागचं जुनं झुडूप. हे तर विनातक्रार दरवर्षी लाल व्हायचं, मी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हतो. लग्नाच्या दिवशी जेवणं त्याच बाजूला व्हायची आहेत, म्हणून आज गेलो तर – खालचा भाग लाल, डावी बाजू वरपर्यंत लाल, आणि उजवीकडचा वरचा सगळा भाग हिरवा! तिथे रस्त्याचा दिवा पोहोचत नाही. मधे आख्खं घर आहे. मग?

२७ नोव्हेंबर

खतमास्तर येऊन बघून गेला. हिरवा भाग कापून टाका म्हणाला, आणि मुळाशी खत. लंबू म्हणाला, पाणी वर चढत नसेल. मग डावीकडे कसं चढतं? त्याने एक फांदी वाकवून बघितली. मग म्हणाला, त्या दिवशी समोर पडदा लावू, कोणाला दिसणार नाही. मला दिसेल ना!

मला शंका आहे ती स्टेशनमास्तरांची. त्यांच्या मागच्या दाराला एक दिवा आहे. रात्रभर जळत असणार. माणूसच तसा आहे, आयुष्यभर सिग्नल बघितलेला.

२८ नोव्हेंबर

तोंडावर आपटलो.

सकाळीच गेलो, जरा चढ्या आवाजात सुरुवात केली. अंधार हा माझ्या झाडांचा हक्क आहे असं काहीतरी बोललो म्हणे. स्टेशनमास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं, घड्याळ बघितलं, मला हाताला धरून मागच्या दारी नेलं. दिव्याच्या जागी नुसता होल्डर. त्यात कोळ्याने जाळं केलेलं. बल्ब पावसाळ्यात गेला तो त्यांनी बसवलाच नाही. वर चहा पाजला. चहा घेताना इतका ओशाळलो की दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

मी निघताना ते म्हणाले, "तुमच्याच घरातला दिवा नाही ना?" मी म्हटलं, आमच्याकडे दहाच्या पुढे कोणी जागं नसतं.

१ डिसेंबर

पुढच्या कुंड्या लाल. ओळीने, सगळ्या. टोपणाचं काम झालं! पत्रिका छापून तयार आहेत, उद्या-परवा आणायच्या. ही आता अंगणाला नावं ठेवत नाही. काल तर फाटकाशी उभी राहून कोणाला तरी "आमच्या यांनी केलं सगळं" म्हणत होती, मी ऐकलं.

आणि मागचं झुडूप हिरवं ते हिरवंच. लग्न वीस दिवसांवर. हट्टाला पेटलोय. कापणार नाही, पडदा लावणार नाही, कारण शोधणार.

५ डिसेंबर

आज दुपारी दुकान बंद ठेवलं. चिमी ऑफिसात, ही शिंप्याकडे. मी स्टूल घेऊन झुडपाजवळ बसलो आणि नुसता बघत राहिलो.

मग एकदम दिसलं. लाल आणि हिरव्याची सीमा सरळ आहे! उभी एक आणि खालची एक, दोन्ही आखल्यासारख्या. रोग सरळ रेषेत पसरत नाही. खत सरळ रेषेत लागत नाही. सरळ रेषेत फक्त उजेड जातो. हे मी रोज दुकानात गिऱ्हाइकांना सांगतो, आणि इथे आठवडाभर खुळ्यासारखा उभा होतो.

दोऱ्याचं रीळ आणलं. खालच्या सीमेवर फांदीला एक दोरा बांधला, उभ्या सीमेवर दुसरा. समोर चिमीची खिडकी. डावं झडप पावसात फुगून अडकलंय, ते बंदच असतं. उजवं उघडं. म्हणजे उभी सीमा ही झडपाची सावली आणि खालची ही खिडकीच्या चौकटीची. अगदी बरोबर जमलं, जमलं म्हणून आनंदही झाला. दोन्ही दोरे खिडकीतून आत सोडले, आत गेलो आणि चौकटीला घासून ताणले. जिथे दोन्ही मिळतील तिथे दिवा असणार.

मला वाटलं, टेबलाशी मिळतील. ऑफिसचं काम आणत असेल घरी. नाही मिळाले. पलंगाशीही नाही. खाली खालीच येत गेले. कपाटामागच्या कोपऱ्यात, जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीवर.

तिथे टेबलावरचा दिवा खाली फरशीवर ठेवलेला आहे. कपाटाच्या आडोशाला, दाराच्या फटीतून उजेड दिसू नये असा. शेजारी उशी. भिंतीवर डोकं टेकून टेकून तेलाचा डाग पडलाय, चांगला मोठा.

पलंग सोडून तिथे बसते. रोज. एखाद-दुसऱ्या रात्रीने झाड हिरवं राहत नाही, ते मीच तर सगळ्यांना सांगत फिरतोय. ऑक्टोबरपासून रोज रात्री माझी लेक तिथे जागी बसलेली आहे, आणि आम्ही दोघं भिंतीपलीकडे घोरत होतो.

दोरे तसेच बांधून ठेवले खिडकीच्या गजाला. का, ते माहीत नाही.

६ डिसेंबर

विचारलं नाही. धीर झाला नाही. दुकानात एका बाईला दुसऱ्याच बाईचा चष्मा दिला. संध्याकाळी लंबू आला, डोंबियाला काठीचा आधार देऊन गेला. चांगला मुलगा आहे. फार चांगला मुलगा आहे.

७ डिसेंबर

हिला सांगितलं. तिने आधी उडवून लावलं – वाचत असेल, फोनवर असेल. मी तिला खोलीत नेऊन तो डाग दाखवला. ती उशी उचलून हातात घेऊन बसली. मग म्हणाली, "तुम्हीच विचारा. मी विचारलं तर ती मला बरं वाटेल असंच काहीतरी सांगेल."

झाडाबद्दल दिसेल त्याला विचारत सुटलो होतो. चिमीला एकदाही विचारलं नाही की बाई, तू बरी आहेस ना. फार वाईट वाटतंय.

८ डिसेंबर

सकाळी विचारलं. ऑफिसला निघाली होती, तिला मागच्या दारी नेलं, दोरे दाखवले. तिने एक दोरा बोटाने दाबून बघितला. मग म्हणाली, "त्याच्यात वाईट काही नाहीये, बाबा. आमच्यात बोलायलाच काही उरलं नाही. कधीच संपलं. तो येतो तो तुमच्यासाठी. तुमच्याशी इतकी भांडले त्याच्यावरून, आता कुठल्या तोंडाने सांगू? आणि तुम्ही दोघं मातीत हात घालून बसायचात. तुम्हाला इतकं खूश मी कधी बघितलंच नव्हतं. म्हटलं, करून टाकावं."

मी म्हटलं, नको करूस.

लंबूला ती स्वतः सांगणार आहे. त्यानंतर मी जाईन त्याच्याकडे. मला रडू आलं ते त्याच्यासाठी, हे फक्त इथेच लिहितो. पत्रिका आणायच्या राहूनच गेल्या होत्या, हिने छापखान्यात फोन करून नकोत म्हणून सांगितलं.

चिमी ऑफिसला गेली नाही. दुपार कलली, अजून झोपली आहे, पलंगावर. आम्ही दोघं हळू आवाजात बोलतोय.